अंगणातलीने चौकीपाशी यावं

माझं नाव माझ्या आजीचं. वडिलांची आई माझ्या जन्माच्या थोडं आधी वारली आणि मुलगी झाली म्हणजे तीच परत आली, असं घरात ठरलं. बारशाला आत्याने तेच नाव माझ्या कानात सांगितलं. सुनेने सासूचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं, हे सगळ्यांना माहीत होतं. मग आई स्वतःच्या पोरीला हाक कशी मारणार, हे मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

नाव तसं सोपं. त्या नावाचं झाड दारोदारी असतं. सकाळी त्याला पाणी, संध्याकाळी दिवा. आई झाडाचंही नाव घेत नसे. खोकला झाला की म्हणायची, "अंगणातलीची चार पानं आण, काढ्यात टाकायला." आणि मला नुसतं "अगं".

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही घोटीहून नाशिकला आलो. पाचवीच्या प्रवेशाला बाईंनी मुलीचं नाव विचारलं, तेव्हा आईने मला कोपराने ढोसलं. तूच सांग. बाईंनी आईकडे अशा नजरेने पाहिलं की मी घाईघाईने नाव सांगून टाकलं. संध्याकाळी मैत्रिणींच्या आया गॅलरीतून लांबलचक हाका मारायच्या. मी खेळता खेळता कान देऊन असायचे. हिला हे नाव नकोच होतं, आणि म्हणून कदाचित मीही नको होते, अशी शंका मनात बसली ती उठेना. स्वस्थ बसवत नाही तेव्हा मी कामांच्या याद्या करते, ती सवय तेव्हाची.

पुढचा सिंहस्थ आला तेव्हा मी नोकरीला लागले होते. आईला रामकुंडावर स्नान करायचं होतं. पर्वण्या टाळून मी मधला दिवस निवडला. टॉवेल, बिस्किटं, पाण्याची बाटली घेतली. माझं नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी तिच्या बटव्यात घातली. हरवलीस तर ही दाखव, असं घरातून निघताना आणि बसमध्येही बजावलं. एवढं करून कपडे बदलायच्या आडोशापाशी ती दिसेनाशी झाली.

पुलापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. भोंग्यावरून हरवलेल्यांची नावं सुटत होती. प्रत्येक नावाला पाय थांबायचे. चिठ्ठी आहे, आता माझं येईल. येईना.

मग भोंग्यावरचा माणूस जरा अडखळत म्हणाला, "घोटीच्या एक मावशी इथे बसल्यात. मुलीचं नाव सांगत नाहीत, सासूचं आहे म्हणतात. तर, अंगणातली जिथे कुठे असेल, तिने चौकीपाशी यावं."

आजूबाजूच्या बायका हसल्या. एक म्हातारी ओल्या लुगड्याचा पिळा तसाच धरून म्हणाली, "बरोबर हाय तिचं." मी पळत सुटले होते.

आई खुर्चीत बसून चहा पीत होती. त्या माणसाने माझ्यापुढे हात जोडले. चिठ्ठी बटव्यात घडीसुद्धा न मोडता पडली होती. मी चिडले. चिठ्ठी कशाला दिली होती, म्हणून विचारलं.

"ती दाखवली असती तर त्यानं भोंग्यावरून नाव घेतलं असतं," आई म्हणाली. "सासूबाईंना अशी गर्दीत हाक मारायची व्हय?"

"आणि मला? मला कधीच मारायची नाही का?"

तिने कप खाली ठेवला. "रोज घेते की. सकाळी पाणी घालताना. मनात."

"ते आजीचं. माझं नाही."

"मला कुठं वेगळं करता येतंय ते आता," ती म्हणाली आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन चालू लागली.

समाधान झालं असं म्हणवत नाही. आजही कुणी कुणाला लांबून हाक मारली की मी वळते. पण त्या दिवशी बसमध्ये मी जुनी चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली. फोन नंबर तोच. वर नाव घातलं: अंगणातली. आईने ती बटव्यात घालण्याआधी एकेक अक्षर लावून वाचली, आणि पुढच्या वेळी मात्र दाखवीन म्हणाली.