शमुवेलचे सुटे ठोके

शमुवेल गावित नवापूरजवळच्या एका पोल्ट्रीत कोंबड्यांना खाद्य घालतो. वय त्रेचाळीस. काय करतोस, असं कुणी विचारलं की तो मात्र ड्रमर आहे म्हणून सांगतो. चर्चमधल्या गाण्यांना साथ करता करता चार जणांनी 'नेसू' नावाचा रॉक बँड काढला, त्याचे ड्रम त्याने एकोणीस वर्षं वाजवले. उजव्या मनगटावर गाठ आली, तरी एक कार्यक्रम चुकवला नाही.

गेल्या वर्षी बँडने पहिला अल्बम करायला घेतला. गिटार वाजवणारा जोसेफ हा शमुवेलचा मेहुणा, बायको रूथचा धाकटा भाऊ. आता गिटार कमी, कीबोर्डवरचा इलेक्ट्रॉनिक सिंथ जास्त. पोरांना नाचता आलं पाहिजे, असं त्याने ठरवलं. शमुवेलने हरकत घेतली नाही. गाणी बदलली तरी ठेका लागणारच, असं तो धरून चालला.

नंदुरबारच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग करणाऱ्या उमाकांतने त्याला गाणं वाजवायला सांगितलंच नाही. एकेक ड्रम वेगळा वाजवायचा. आधी हळू, मग जोरात, मध्ये पूर्ण शांतता.

"भाऊ, तुन्हा हात म्हणजे मशीन शे," उमाकांत म्हणाला.

शमुवेल खूश झाला. त्याने दिवसभर सुटे ठोके दिले. स्वतःच्या ड्रमसेटची झांज चिरलेली होती, म्हणून चर्चमधली मागून आणली होती.

त्यानंतर दोन महिने बोलावणं आलं नाही. शेवटी त्यानेच जोसेफला फोन केला.

"माझं वाजवणं कधी घेणार?"

"घेतलंय ना, जीजा. सगळे तुमचेच ठोके. लॅपटॉपवर एकेक जोडून गाण्यांत बसवले."

"कुणी?"

"मीच. दोन रविवार लागले."

"मग मी काय करू?"

"आराम करा की! किती वर्षं तो पसारा वाहताय."

रूथ भाजी निवडत ऐकत होती. "आवाज तुमचाच आहे ना? मग तोंड कशाला पाडता?" ती म्हणाली.

अल्बमच्या कार्यक्रमाला जोसेफने त्याला बोलावलं. स्टेज रिकामं दिसतं, ड्रमवर बसा; ड्रमला माइक लावणार नाही, म्हणाला. शमुवेल इस्त्रीचा काळा शर्ट घालून गेला.

तिसऱ्या गाण्यात त्याने काठ्या मांडीवर ठेवल्या. ठेका चालूच राहिला. मैदानात लोक एकमेकांच्या कमरेत हात घालून रांगेने नाचत होते, त्यात रूथही होती. कुणी मान वर केली नाही. जोसेफने तेवढं वळून पाहिलं आणि डोळ्यांनीच खुणावलं, हात हलवा.

शमुवेलने काठ्या उचलल्या. उरलेली पाच गाणी तो स्पीकरमधले आपलेच ठोके ऐकून त्यांच्या मागोमाग वाजवत राहिला. दोनदा चुकला. ते कुणाला ऐकू गेलं नाही.