मृतांच्या यादीतला मास्तर

"आधी हात धू, मग रागाव."

फादर हे इतक्या शांतपणे म्हणायचे की माझा राग अर्ध्यावरच ओशाळायचा. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट शहरात, कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाच्या मठात ते जुने कागद सांभाळत. वय एक्क्याऐंशी. मठात आता नऊच म्हातारे उरले होते, म्हणून सगळे कागद स्कॅन करून ठेवायचं काम आमच्या कंपनीकडे आलं आणि मी रोज त्यांच्या शेजारी बसू लागले. आमचं बोलणं चालायचं इंग्रजीत, पण मला ते मराठीतच आठवतं, काय करू!

कागदाला शिवण्याआधी साबणाने हात, आणि टिपणं फक्त पेन्सिलीने. एकदा मी बॉलपेन काढलं, तर त्यांनी ते झुरळ उचलावं तसं दोन बोटांत धरून दाराबाहेर नेऊन ठेवलं.

सातव्या पेटीत ती पत्रं निघाली. एकोणिसाव्या शतकात दक्षिण युरोपातल्या एका राजाशी या संघाने हातमिळवणी केली होती. राजाने यांना शाळा दिल्या, यांनी राजाचं सिंहासन सांभाळलं. राज्यघटना आणि छापायचं स्वातंत्र्य मागणारे उदारमतवादी दोघांचेही शत्रू. एका पत्रात संघाच्या तिथल्या प्रमुखाने अशा शिक्षकांची नावं राजाच्या पोलिसांना कळवली होती. त्यांतला मातेओ नावाचा शाळामास्तर तुरुंगात वारला. मार्चमधली ती तारीखही पुढच्या एका पत्रात लिहिलेली होती.

"अहो फादर, हे तर चक्क चुगली करून मारलं त्याला!"

"हो," ते म्हणाले. "आणि चुगली माझ्या घरच्यांनी केली."

ही पत्रं लोकांपुढे यावीत, एवढंच त्यांना मरण्याआधी हवं होतं. पण मठाच्या प्रमुखांनी, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान माणसाने, सांगितलं, "ती पेटी वगळा." फादरनी मान डोलावली. वरिष्ठांची आज्ञा पाळायची शपथ ते साठ वर्षं पाळत आले होते. मी मात्र तणतणले. पुण्याची मी, दुसऱ्याची चूक दिसली की गप्प बसवत नाही.

"शब्द दिलाय गं मी," ते म्हणाले.

"आणि मास्तरचं काय?"

त्यांनी पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली प्रमुखांकडे नेऊन दिली.

मठात एक रिवाज होता. दुपारी जेवणाआधी, त्या तारखेला पूर्वी कधीही वारलेल्या संघातल्या माणसांची नावं मोठ्याने वाचायची. मीही त्यांच्यातच जेवायचे, माझं बिनमांसाचं सूप वेगळं. मार्चमधल्या एका दिवशी वाचायची पाळी फादरची होती. तीन नावं झाली, तरी ते खाली बसेनात.

"आणि मातेओ, शाळामास्तर. आपल्या पत्रामुळे तुरुंगात गेला. तिथेच वारला."

सगळ्यांच्या माना वर झाल्या. पेटी बंदच होती, आज्ञा शाबूत होती, आणि तरी मास्तर आमच्या पंक्तीला येऊन बसला होता! इतकं धीट माणूस मी आजवर पाहिलेलं नाही.

प्रमुख उठून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "त्याला शांती लाभो." बाकीचेही त्यांच्यामागून तेच म्हणाले. जेवणानंतर सातव्या पेटीची किल्ली त्यांनी स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवली.

त्याच वर्षी हिवाळ्यात फादर गेले. पुढच्या मार्चमध्ये, मास्तरच्या तारखेला, प्रमुखांनी मला मुद्दाम जेवायला बोलावलं. फादरची खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती. यादीची वही टेबलावर उघडी होती. मातेओचं नाव फादरनी आपल्या सवयीने पेन्सिलीने लिहिलेलं. त्यावरून आता कुणीतरी शाईने गिरवलं होतं.

मी बोट पुढे केलं, थबकले, आणि आधी हात धुऊन आले.