तिमाहीचा नकार

रंगाच्या कारखान्यात त्याला कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे म्हणायचे तिमाही. सहा महिन्यांच्या चाचणीवर घेतलेला माणूस. ते सरले तसे साहेबांनी आणखी तीन महिने वाढवले, मग आणखी तीन, पुढं पुढं तर वाढवतोय हे सांगायचंही सोडून दिलं. भिजत घोंगडं पडलं ते पडलंच. मागून आलेले दोघे कायम होऊन त्याला 'काय रे' म्हणू लागले.

खोट कामात नव्हती. गिऱ्हाइकानं भिंतीचा पोपडा आणून दिला की त्याला जुळणारा रंग करून द्यायचा, आणि तो ते चोख करायचा. घोळ होता कारखान्याच्या रिवाजात. तिथं 'जमणार नाही' म्हणायचा हक्क फक्त कायम माणसाला. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण पाणी उताराकडं जातं हे तरी पाण्याला कोण लिहून देतं? तेव्हा घट्ट बसलेली झाकणं उघडणं, सुटीच्या दिवशी माल उतरवून घेणं, साहेबांच्या घराचं फाटक रंगवणं, सगळं तिमाहीच्या गळ्यात. याला कायम करायचं का, असं साहेबांनी विचारलं की अख्खा विभाग गंभीर होऊन म्हणायचा, माणूस चांगलाय, पण अजून जरा बघू. घाण्याचा बैल आपणहून कोण सोडतो?

थोरली लेक झाली तेव्हा तिमाही गोदामात डबे उतरवत होता. या खेपेला बायकोनं एकच गोष्ट मागितली: मी आत असेन तेव्हा तुम्ही दाराबाहेर पाहिजे. त्यानं मान डोलावली. बाळंतपणासाठी येऊन राहिलेल्या सासूबाईंचा त्या मानेवर काडीचा विश्वास नव्हता.

"बाळ तरी वेळेवर येईल ना हो," त्या म्हणाल्या, "की त्यालाही तीन महिने वाढवून देतील तुमचे साहेब?"

बाळ वेळेवरच निघालं. भर दुपारी सासूबाईंचा फोन आला की कळा सुरू झाल्यात, आम्ही दवाखान्यात निघालोय. फोन ठेवतोय तोवर साहेब समोर उभे. एका हॉटेलच्या भिंतींचा रंग सकाळपर्यंत जुळवून हवा होता, तेव्हा रात्री थांब, असं त्यांनी सांगितलं. विचारायची पद्धतच नव्हती. तिमाहीनं सवयीनं 'हो साहेब'साठी तोंड उघडलं, आणि त्यातून भलतंच बाहेर पडलं.

"जमणार नाही."

एप्रन खुंटीला टांगून, रंगानं हिरव्या झालेल्या हातांनीच तो चालू लागला.

साहेबांना राग यायला हवा होता, आली ती धास्ती. हा नाही म्हणाला, म्हणजे हा कायम झालेला असणार. आपण केला नाही, म्हणजे वरून कुणीतरी केला. म्हणजे हा मोठ्या साहेबांच्या खास मर्जीतला, आणि आपण याच्याकडून फाटक रंगवून घेतलंय. त्यांनी आस्थापनेच्या बाईंना हळूच विचारलं. आपल्याला माहीत नसताना काही घडलं हे कबूल करणं बाईंच्या रक्तात नव्हतं; त्या म्हणाल्या, कानावर होतं खरं. मग काय, विभागातल्या प्रत्येकाला आठवलं की आपण तर केव्हापासून त्याची शिफारस करत होतो. संध्याकाळच्या आत साहेबांनी मागची तारीख टाकून त्याला कायम करून टाकलं.

इकडं दवाखान्याच्या बाकावर तिमाही नोकरीचं सुतक धरून बसला होता. आतून रडणं ऐकू आलं, दाईनं मुलगी झाल्याचं सांगितलं, आणि पाठोपाठ साहेबांचा फोन.

"अहो, तुम्ही निवांत या. आणि तुम्ही कायम झालाय बरं का," साहेब म्हणाले. "मोठ्या साहेबांकडं आमच्याबद्दलही दोन शब्द टाका."

आयुष्यात पहिल्यांदा साहेबांकडून 'अहो' ऐकून त्याला वाटलं, नंबर चुकला असावा.

आत गेला तर बायको दमून डोळे मिटून पडलेली. तो बाहेरच होता का, एवढं तिनं विचारलं. होतो म्हणाला. मग म्हणाला, कायम केलं मला.

"कशाबद्दल?"

त्यानं जुळवलेले सगळे रंग, उचललेले सगळे डबे आठवून पाहिले. त्यातलं काहीच कारण म्हणून बसेना.

"नाही म्हणालो म्हणून."

बायकोनं डोळे उघडून त्याच्याकडं पाहिलं.

"एवढंच होतं," ती म्हणाली, "तर थोरलीच्या वेळीच म्हणायचं होतंत."