दिवाळीत उर्राक

ती चोरी आठवली की आजही डोळ्यांपुढे आधी एक पेला येतो: लिंबाची फोड, चिमूटभर मीठ आणि उभी चीर दिलेली हिरवी मिरची. तो पेला मी पाहिलाही नव्हता. एका माणसाने पोलीस ठाण्यातला चहा पीत त्याचं वर्णन केलं होतं, एवढंच.

मी दिल्ली पोलिसांत होतो, मूळचा वेंगुर्ल्याकडचा. तेव्हा माझ्याकडे पूर्व दिल्लीतलं एक ठाणं होतं. मयूर विहारच्या एका सोसायटीत एकट्या राहणाऱ्या मराठी काकू दिवाळीला लेकीकडे पुण्याला गेल्या. भाऊबीज करून परतल्या, तर कपाटातल्या पाटल्या आणि मोहनमाळ गायब. कुलूप शाबूत. दुसरी किल्ली कामवालीकडे होती, तुळशीला पाणी घालण्यासाठी दिलेली. झालं! पोलीस पोचण्याआधीच सोसायटीने निकाल लावला. गेटवरच्या ॲपमधून तिचं नाव काढून टाकलं आणि त्या आवारातली तिची सगळी कामं एका सकाळीत गेली.

माझ्या तपास अधिकाऱ्यालाही दुसरं कुणी दिसत नव्हतं. नियमाप्रमाणे तिला दिवसाउजेडीच बोलावलं, जवळ महिला शिपाई बसवली. प्रत्येक वेळी ती एकच सांगायची, "साहब, तुलसी में पानी दिया, ताला लगाया, चली गई। चाबी मेरे पास थी, बस यही मेरा कसूर है?" ती रडत नव्हती, आणि तेच तिला नडत होतं. चौकशीत न रडणाऱ्या बाईचा पोलिसांना उगाच संशय येतो. अधिकारी अटकेसाठी माझ्यामागे लागला होता. अटक झाली असती, तर पुढे निर्दोष सुटूनही कुठल्याच गेटने तिला आत घेतलं नसतं, हे मला दिसत होतं. म्हणून मी दिवस ढकलत होतो.

तेवढ्यात नवी दिल्ली स्टेशनजवळच्या पहाडगंजमधून खबऱ्याचा फोन आला. दिवाळीत कुणी एक माणूस मोहनमाळ दाखवत सराफांकडे फिरत होता. दागिना इकडच्या घडणीचा नव्हता, म्हणून सराफांच्या लक्षात राहिला. माणूस "पढ़ा-लिखा, अंग्रेज़ीवाला". अधिकारी म्हणाला, "सर, बाईचाच कुणी साथीदार असणार." एकदा मनात चोर ठरला की सगळे पुरावे त्याच्याच दाराशी जाऊन बसतात.

काकूंचा पुतण्या दिल्लीतच, आर. के. पुरममध्ये वाढलेला, गुरुग्रामला मोठ्या हुद्द्यावर. एके दिवशी काकूंना घेऊन तो ठाण्यात आला. "सर, अजून अरेस्ट का नाही? बिल्कुल क्लिअर केस आहे."

मी चहा मागवला. "तुमची दिवाळी कुठे झाली?" सहज विचारलं. माणूस बसला की काहीतरी विचारायचं, ही आमची सवय.

"गोव्याला, सर! समुद्राला लागून ते पोर्तुगीजांच्या काळातलं हॉटेल आहे ना, तिथे. बार काय आहे, यार... सॉरी सर. जुना लाकडी काउंटर, पांढऱ्या कोटातला म्हातारा बारमन. फेणी आणि कोकमाचं कॉकटेल बनवतो, लाजवाब! पण मी रोज उर्राकच घेतलं. लिंबू, सोडा, मीठ, वरून मिरची. एकदम ताजं."

काकू कौतुकाने ऐकत होत्या. मी मात्र कपाशी चाळा करत राहिलो. त्या बारमध्ये मी बसलेलो होतो. एका आरोपीला आणायला गोव्याला गेलो असताना एक संध्याकाळ मोकळी मिळाली होती, आणि दिवसही दिवाळीचेच होते. मी उर्राक मागितलं, तर म्हातारा हसला. "साहेब, आधी काजू झाडाला लागू देत." काजूच्या बोंडांचा रस एकदा गाळला की उर्राक, पुन्हा गाळला की फेणी. फेणी वर्षभर राहते. उर्राक शिमग्याच्या सुमाराला उतरतं आणि पावसाआधी संपतं. आमच्याकडे हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. दिल्लीत वाढलेल्याला कुठून असणार!

मी त्याला आणखी एक चहा पाजला आणि जाऊ दिलं.

मग वरिष्ठांची परवानगी घेऊन त्याच्या फोनचे कॉल डिटेल्स मागवले. काकू निघाल्या त्या दिवशी फोन मयूर विहारात, आणि पुढे अख्खी दिवाळी पहाडगंजात होता. पुन्हा बोलावलं तेव्हा तो आधी चिडला, मग ओळखीच्या मोठ्या लोकांची नावं घेऊ लागला. मी एवढंच विचारलं, "दिवाळीत उर्राक कुठल्या झाडाचं प्यालात?" त्याला प्रश्नच कळला नाही. समजावून सांगितलं आणि कॉल डिटेल्स पुढे सरकवले, तेव्हा त्याने पाणी मागितलं. काही महिने काकूंकडे राहिला असताना त्याने किल्लीची नक्कल करून घेतली होती. मुद्देमाल त्याच्या ऑफिसच्या लॉकरमध्ये सापडला. चोरीचं कारण लिहीत नाही. अशा कारणांत नवीन काही नसतं.

तो बार, तो म्हातारा, ती मिरची, सगळं खरं होतं. तो एप्रिलमध्ये मित्रांबरोबर तिथे गेला होता. सराईत नसलेला माणूस खोटं नव्याने रचत नाही. खरी आठवण उचलतो आणि दुसऱ्या दिवसावर चिकटवतो. तेव्हापासून मी जबाब घेताना 'काय केलं' याच्याबरोबर ऋतूही विचारू लागलो.

सोसायटीच्या सेक्रेटरींना बोलावून ॲपमध्ये बाईचं नाव परत चढवायला लावलं. काकू तिला भेटायला ठाण्यातच आल्या. पुतण्याचं नाव त्यांनी काढलं नाही. पर्समधून नव्या कुलपाची किल्ली काढून पुढे केली. "ये तुम रखो।"

बाईने हात मागे घेतला. "काम पे आऊँगी, मेमसाब। चाबी नहीं लूँगी।"

मी निवृत्त होऊन आता त्याच भागात राहतो. काकू अजूनही दिवाळीला पुण्याला जातात. जाताना तुळशीची कुंडी दाराबाहेर, जिन्यात ठेवतात. बाई रोज येऊन पाणी घालते आणि बाहेरूनच परत जाते.