दिवसांचा लिलाव

निजामी फसली सन १३५०, दय महिन्याची बारा तारीख, शनिवार. इंग्रजी हिशेबाने १९४०च्या नोव्हेंबरचा मध्य. रक्कम रुपये तीस. जागा लातूर, बाईंच्या घराची ओसरी. हजर : बाई, मी, आमच्या तरुण संघातले आणखी चौघे, जिच्यासाठी पैसे जमवले ती मुलगी आणि तिचे वडील. पैसे मी मोजले, दोनदा. नंतर वही मिटली आणि मुलीच्या वडिलांना म्हणालो, "मामा, रक्कम पुरी आहे."

बाई म्हणजे आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या बायबलबाई. आसपासच्या खेड्यांत जाऊन बायकांना नवा करार वाचून दाखवायचा, त्यांना अक्षरओळख करून द्यायची, ही त्यांची नोकरी. पगार महिना चौदा रुपये. आम्हा तरुण मुलामुलींना वळण लावण्याचे काम मात्र त्यांनी स्वतःहून अंगावर घेतले होते. त्याचा पगार नव्हता.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. आईवडील नांदेडला, वडील गिरणीत कामाला. मी शिकायला लातूरला आत्याकडे राहिलो होतो. शाळा उर्दूतून, त्यामुळे मराठी नवा करार मी बाईंकडेच वाचायला शिकलो. त्यांची पद्धत अशी की, आमच्यापैकी प्रत्येकाला त्या एक लहान मूल नेमून देत. आठवड्यातून एक तास त्या मुलाबरोबर बसायचे, त्याला वाचायला, प्रार्थना करायला शिकवायचे आणि शनिवारी बाईंना सांगायचे.

माझ्या वाट्याला वीटभट्टीवरच्या मजुराचा दहा वर्षांचा मुलगा आला. पहिल्या शनिवारी मी सांगितले, "दहापैकी सहा आज्ञा पाठ झाल्या. पाढे बारापर्यंत."

"बरं. आज जेवला का तो?" बाईंनी विचारले.

मला माहीत नव्हते.

"मग तू अर्धाच हिशेब आणलास की रे, लेकरा."

आता नांदेडला माझ्या घरी शनिवारी सहा-सात मुले येतात. त्यांच्यातल्या मोठ्यांना मीही पहिला प्रश्न हाच विचारतो. उत्तर न येणाऱ्याचा मला राग येत नाही.

आमच्या मंडळीत तेव्हा मुठीची ज्वारी काढण्याचा रिवाज होता. घरची बाई भाकरीसाठी दळायला बसली की आधी एक मूठ ज्वारी प्रभूच्या नावाने वेगळ्या गाडग्यात टाकायची. दर शनिवारी आम्ही पिशवी घेऊन घरोघर फिरायचो, ती ज्वारी गोळा करायचो, मोंढ्यात विकायचो. पाळकसाहेबांनी आणि पंचांनी ही ज्वारी एका वर्षासाठी तरुण संघाला दिली होती. अकरा महिन्यांत तिचे एकवीस रुपये नऊ आणे झाले. बाकीचे आठ रुपये सात आणे आमच्या वर्गणीचे. वर्गणी म्हणजे कुणाचा आणा, कुणाचे दोन आणे.

ती मुलगी मुरुडजवळच्या एका खेड्यातली. वडील गवंडी. बाईंच्या घरी राहून ती सातवी झाली होती. तिला नेमून दिलेल्या लहान मुलीला एकदा मुदतीचा ताप आला, तेव्हा ही तीन आठवडे रोज तिच्याजवळ जाऊन बसली. त्या आजारपणात हिच्या मनाने घेतले की नर्स व्हायचे. इंग्रजी हद्दीतल्या एका मिशनच्या दवाखान्यात बाईंनी अर्ज पाठवला. जागा मिळाली. पत्रात लिहिले होते की, कपडे, पुस्तके आणि पहिल्या तीन महिन्यांचे जेवण यांचे तीस रुपये नोव्हेंबरअखेर पोचले पाहिजेत, नाहीतर जागा दुसरीला दिली जाईल.

तिच्या वडिलांच्या मनात नव्हते, पण त्यांनी बाईंना शब्द दिला होता. "हंगामाच्या सणापस्तोर थांबतो. पैसं भरलं तर जाऊ दे. न्हाई भरलं तर औशाचं स्थळ हाय. सणाच्या दुसऱ्या दिशी ती मानसं येनार, मंग मला दोष द्यायचा न्हाई."

हंगामाचा सण, म्हणजे पहिले पीक देवाला वाहण्याचा दिवस, उद्याचा सोडून पुढच्या रविवारी होता. म्हणून त्या शनिवारी वही मिटताना मला फार हलके वाटले.

सोमवारी मी तीस रुपये रुमालात बांधून स्टेशनाजवळच्या इंग्रजी टपालात गेलो. बाबूने पैसे एकदा पाहिले आणि खिडकीतून परत सरकवले.

"हे हाली आहेत. इंग्रजी हद्दीत पाठवायचे तर कलदार लागतात. बट्टा धरला नाही का?"

निजामच्या राज्यात हाली शिक्का चालायचा आणि इंग्रजी मुलखात कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळत, हाच बट्टा. म्हणजे तीस कलदारांना पस्तीस हाली. लातूरच्या मोंढ्यातल्या हमालालाही हे माहीत होते. मलाही होते, बट्ट्याच्या गणितांत मला शाळेत पैकीच्या पैकी गुण होते. पण पत्रातला रुपया वाचला तो मी आमच्या खिशातलाच धरला. अकरा महिने दर शनिवारी मी बेरीज तपासली. आपण कुठल्या नाण्याची बेरीज करतो आहोत, हे एकदाही तपासले नाही.

मुलगी बाईंच्या अंगणात भांडी घासत होती. तिला सगळे सांगितले. तिने राखेचे हात तसेच ठेवून माझ्याकडे पाहिले.

"तुला गणितात शंभर होते ना?"

"होते."

"मग नापास व्हायला हाच पेपर सापडला तुला?"

आणि ती पुन्हा तवा घासायला लागली. जोरात.

बाईंनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "किती कमी?"

"पाच रुपये हाली."

मला वाटले, त्या आता उठतील आणि पेटीतून पाच रुपये काढून देतील. त्या उठल्या नाहीत. "पाच रुपये माझ्यापाशी आहेत," त्या म्हणाल्या. "पण मी दिले तर तिचा बाप जन्मभर म्हणेल, बाईनं पैसे टाकून माझी पोरगी नेली. ती माझी एकटीची नाही, मंडळीची आहे. तू उद्या जा आणि त्याला तुझ्या तोंडानं सांग. नंतर बघू."

मंगळवारी छोट्या गाडीने मुरुडला उतरलो आणि पुढे दोन मैल चाललो. गवंडीमामा एका घराच्या भिंतीशी बांधलेल्या परांचीवर उभे होते. मी खालूनच म्हणालो, "मामा, सलाम. मी चुकलो. रक्कम पुरी नाही."

ते खाली उतरले. "आरं, दोनदा मोजलं की तू."

"मोजणं बरोबर होतं. नाणं चुकलं." आणि मी हाली-कलदाराचे सांगितले.

"म्हंजी भिंत वळंब्यात सरळ, पर दुसऱ्याच्या जागंत," ते म्हणाले आणि हसले. त्यांच्या हाताखालचा माणूसही हसला. मग ते हसायचे थांबले. "हे बघ, माझा शब्द रविवारपस्तोर हाय. त्येच्या फुडं न्हाई."

"हो."

"पर तू सोता आलास, हे बरं केलंस. चिठ्ठी धाडली असतीस तर म्या आत्ताच न्हाई म्हनलं असतं. चल, भाकर खा."

आम्ही विटांच्या ढिगावर बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला. त्यांनी मला मुलगी दवाखान्यात नेमके काय काम करील, रात्री कुठे झोपेल, तिथल्या बायका आपली भाषा बोलतात का, असे बारा-पंधरा प्रश्न विचारले. यातले काही मला आधी कुणी विचारले नव्हते. चारांची उत्तरे मला आली नाहीत, तसे मी सांगितले.

बुधवारी पंच बसले. हंगामाच्या सणाला लोक शेतातले पहिले पीक, कोंबड्या, भोपळे, अंडी घेऊन येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. त्यातले पाच रुपये मिळावेत, अशी मी विनंती केली. पंचांत लाकडाच्या वखारीचे मालक होते. आम्ही त्यांना वखारवाले काका म्हणत असू. ते म्हणाले, "हंगामाचा पैसा पाळकांच्या पगाराचा आणि छपराचा. पावसाळ्यात तू छत्री घेऊन उपासनेला बसला होतास, विसरलास का?"

विसरलो नव्हतो. त्यांचे बरोबर होते.

शनिवारी बाईंनी आम्हा पाचजणांना विचारले, "मंडळीचं मंडळीला राहू दे. तुमच्यापाशी काय आहे?"

संघात दोघी बहिणी होत्या. धाकटी म्हणाली, "काही नाही बाई. हातपाय आहेत."

"मग हातपायच मांडा की लिलावात!" एकजण थट्टेने म्हणाला. आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत, विचार करायला लागल्या. मग उठून वखारवाल्या काकांकडे गेल्या आणि आमच्या कामाचे दिवस लिलावात मांडायची परवानगी मागितली. काका म्हणाले, "दिवस त्यांचे, पैसा त्यांचा. मंडळीच्या टोपलीला हात लावायचा नाही."

रविवारी उपासना झाली. प्रार्थनाघराच्या अंगणात कडुलिंबाखाली पाळकसाहेब लिलाव पुकारायला उभे राहिले. एक कोंबडी चार वेळा विकली गेली, कारण घेणारा पैसे देऊन ती परत दानात सोडायचा. शेवटी भोपळे संपले आणि पाळकसाहेबांनी आम्हाला पुढे बोलावले.

"आता ही पाच कोंबडी. ही खायची नाहीत, पण काम करतात. बोला!"

घराला चुना लावण्याचा एक दिवस बारा आण्यांना गेला. दोघी बहिणींचे दळण एक रुपयाला. आठवडाभर पाणी भरून देणे आठ आण्यांना. मग माझी पाळी.

"हा महिनाभर हिशेब लिहील," पाळकसाहेब म्हणाले.

"हालीत का कलदारात?" वखारवाले काका ओरडले. अंगणभर हशा झाला. हशा ओसरल्यावर तेच म्हणाले, "आठ आणे." मागून कुणीतरी बारा म्हणाले. काकांनी वळून त्याच्याकडे पाहिले आणि दीड रुपयावर नेले. "माझ्या वहीत दोन्ही नाण्यांचे दोन रकाने आहेत. ये उद्यापासून, दाखवतो."

पुढे नोकरीत मी जे काही शिकलो त्याची सुरुवात त्या महिन्यात झाली.

मी मनात बेरीज केली. तीन रुपये बारा आणे. सव्वा रुपया कमी. आमच्यातले कुणी उरले नव्हते. सणाला आलेले गवंडीमामा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"अजून किती?" त्यांनी हळूच विचारले.

"सव्वा रुपया."

तेवढ्यात मुलगी स्वतःच पुढे गेली. "साहेब, माझाबी एक दिवस लावा."

"चार आणे," कुणीतरी म्हणाले.

"सव्वा रुपाया," गवंडीमामा म्हणाले.

पाळकसाहेब थांबले. गवंड्याच्या दिवसाच्या मजुरीपेक्षा ते चार आणे जास्त होते. "अहो, स्वतःच्या लेकीचा दिवस विकत घेता?"

"घेतो. उद्याचा दिस. फुडं तिला कामं लागतील, मंग कुठला दिस घावतो मला?"

"काय काम करून घेणार तिच्याकडून?"

"काय न्हाई. बसू दे माझ्यासमोर."

पाळकसाहेबांनी तीनदा पुकारायचे होते, ते एकदाच पुकारले. मुलीने पदर डोळ्यांना लावला. बाई माझ्या वहीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "लिही. नाण्याचं नाव घालून लिही."

सोमवार तिने गावी वडिलांकडे काढला. मंगळवारी परतल्यावर मी विचारले, दिवसभर काय केले.

"बाबा भिंत बांधत होते, मी विटांवर बसले. दुपारी जेवलो. औशाची माणसं आली, त्यांना चहा मी दिला आणि स्थळाला नाही बाबांनी सांगितलं. त्यांनी नमस्कार केला आणि गेले. बस, इतकंच."

त्याच दिवशी, मंगळवारी, मी सराफाकडून पस्तीस हाली देऊन तीस कलदार घेतले आणि इंग्रजी टपालात दवाखान्याच्या खजिनदारबाईंच्या नावे मनीऑर्डर केली. मनीऑर्डरचे कमिशन सहा आणे कलदार, म्हणजे सात आणे हाली, आमच्यापैकी कुणीच धरले नव्हते. ते वडिलांनी नांदेडहून पाठवलेल्या माझ्या खर्चातून मी टपालबाबूला दिले.