वायरमनची अमावस्या

फोन सकाळी साडेसातला आला. चुडाव्याहून, गयाबाईंचा. गयाबाई म्हणजे माझ्या मामांच्या समोरच्या घरातल्या, तिथल्या गल्लीतल्या सर्वांत जुन्या शेजारीण. त्या एरवी कधी फोन करत नसत, म्हणून नाव दिसताच मी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसले. "माय, भाऊ गेले," एवढंच त्या म्हणाल्या. भाऊ म्हणजे रंगनाथमामा, माझ्या आईचे धाकटे भाऊ, वीज खात्यातले निवृत्त वायरमन, वय चौऱ्याहत्तर. सकाळी उठले, मागचं अंगण झाडलं, झाडू भिंतीला टेकवला आणि न्हाणीच्या कट्ट्यावर बसल्या बसल्या गेले. त्या गल्लीत रोज सातच्या आत प्रत्येक घरानं दारात पाण्याचा तांब्या ठेवायचा, ही मामांनीच लावलेली सवय. तांब्या दिसला नाही की शेजाऱ्यानं कडी वाजवायची, आणि आतून ओ आली नाही तर सरळ आत शिरायचं. त्या दिवशी मामांचा तांब्या दिसला नाही आणि सात वाजून पाच मिनिटांनी गयाबाई आत होत्या. हे मी मुद्दाम तपशिलानं लिहिते आहे, कारण गेला दीड महिना भेटणारा प्रत्येक जण हळहळून मला एकच वाक्य ऐकवतो, बिचारे एकटेच गेले हो. मामा बिचारे नव्हते. एकटे होते की नव्हते, ते हे सगळं वाचून तुम्हीच ठरवा.

मामांचं वेड गावभर माहीत होतं. दर अमावस्येला दिवस उगवला की ते घराचं मेन स्विच खाली ओढायचे, नळाच्या तोटीला फडकं बांधायचे, गॅसची टाकी बंद करायचे, मोबाइल फळीवर उपडा ठेवायचे आणि मावळेपर्यंत घरात जे आहे त्यावर दिवस काढायचे. जन्मभर लोकांच्या घरी उजेड देणारा माणूस महिन्यातून एकदा स्वतःच्या घरची वीज तोडतो, याचं लोकांना फार हसू यायचं. पारावर त्यांचं नाव निघालं की कोणीतरी म्हणायचंच, वायरमनचं डोकं शॉर्ट झालं. अमावस्याच का, असं मी विचारलं होतं. उत्तर अगदी व्यवहारी होतं. त्या दिवशी कोणी नवं काम काढत नाही, सोयरिकीला कोणी जात नाही, म्हणजे माणसं घरी सापडतात. सापडलेल्या माणसांना मामा सोडत नसत. गढूळ पाण्यात तुरटी किती वेळ फिरवायची, कोणाच्या घरी चूल पेटते आणि कोणाला फुंकणीसुद्धा धरता येत नाही, करडईच्या तेलावर पणती किती वेळ जळते, रेशन कार्ड आणि जमिनीचे कागद ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या पिशवीत बांधलेत का, हे सगळं घरोघर फिरून तपासायचे. आणि नुसतं सांगितलेलं त्यांना चालत नसे. "करून दाव," म्हणायचे. पन्नाशीचा गडी चुलीपुढं बसून धुरानं डोळे पुसतोय आणि मामा कमरेवर हात ठेवून उभे आहेत, असं दृश्य मी कितीदा तरी पाहिलं आहे.

हे वेड आलं कुठून, ते मला मामांनी एकदाच सांगितलं. त्यांचा मुलगा विवेक चार वर्षांचा असतानाची गोष्ट. पावसाळ्यात मोठं वादळ झालं, विजेचे खांब आडवे झाले आणि मामा दोन दिवस घराबाहेर, तारा जोडण्यात. इकडे मामींना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. नाल्याला पूर, दवाखान्याची वाट बंद. गल्लीतल्या म्हाताऱ्या बायका जमल्या आणि त्यांनी तेव्हाच्या समजुतीप्रमाणे निर्णय दिला की पोटात काही जाऊ द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, पाण्यानं जुलाब वाढतात. मामी पाणी मागत होत्या. उशाशी बसवलेली गल्लीतली नवी सून तांब्या मागं सरकवत होती, कारण तिला तसं सांगितलं होतं. ती नवी सून म्हणजे गयाबाई. मामा परत आले तेव्हा उशीर झाला होता. पुढं एका डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की उकळलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून चमच्या-चमच्यानं पाजत राहिले असते, तर कदाचित... "समदं घरात व्हतं, नंदे," मामा मला म्हणाले. "मीठ व्हतं, साखरंचा डबा भरेल व्हता, चूल पेटेल व्हती. घरात व्हतं, पर हातात न्हवतं." मामांनी गयाबाईंना त्यावरून कधी एका शब्दानं दोष दिला नाही. दिवस झाल्यावर त्यांच्या दारात गेले, मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं ते त्यांना शिकवलं आणि त्यांच्याकडून तीनदा करून घेतलं. पहिली शिष्या त्या. विवेकला शिकायला आमच्या घरी परभणीला ठेवलं, म्हणून तो मला ताई म्हणतो, आणि मामा चुडाव्याला राहिले ते राहिलेच.

मी त्यांची थट्टा करणाऱ्यांतलीच होते, हे कबूल करायला हवं. तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमारास पाऊस असा बसला की हटेना. रेल्वे थांबली, रस्त्यांवर पाणी आलं, मामांचा फोन लागेना. मी परभणीत एका शाळेत कारकून आहे, शाळेला सुट्टी दिलेली, आणि मी घरात येरझारा घालत होते. चौथ्या दिवशी पाणी जरा उतरलं तशी बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या आणि दोन डझन मेणबत्त्या पिशवीत कोंबून निघाले. पूर्णेपर्यंत कशीबशी एका जीपनं आणि पुढं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून. चिखलानं बरबटलेली मी मामांच्या गल्लीत शिरले तर तिथं ज्वारीच्या गरम भाकरीचा वास सुटलेला. मामांच्या ओसरीत गल्लीची मिळून एक चूल पेटलेली, दोघी भाकरी थापायल्या, एक जण पिठलं ढवळतोय, बाजूला पातेल्यात पाणी खळखळ उकळतंय, आणि मामा कोणावर तरी ओरडतायत की उकळलेल्या पाण्यात हात बुडवून तांब्या घालायचा नाही, लांब दांड्याच्या ओगराळ्यानं घ्यायचं. त्या चार दिवसांत गल्लीत एकाचंही पोट बिघडलं नव्हतं. मामांनी माझी पिशवी उघडून पाहिली, मेणबत्त्या मोजल्यासारख्या चाळवल्या आणि विचारलं, "काडीपेटी कुठाय?" ती मी आणलीच नव्हती. गल्ली पोट धरधरून हसली. आता माझ्यासोबत परभणीला चला, असं मी रडकुंडीला येऊन म्हणाले, तर त्यांनी शांतपणे विचारलं की तुझ्या घरी लाइट आहे का, टाकीत पाणी आहे का. दोन्ही नव्हतं. मामांना सोडवायला गेलेली मी दोन दिवस त्यांच्याकडंच जेवून, झोपून परत आले.

एवढं होऊनही मी सुधारले नाही. दोन वर्षांपूर्वी मामांच्या छातीत दुखलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि विवेक त्यांना पुण्याला घेऊन गेला. अकराव्या मजल्यावरचा त्याचा फ्लॅट चांगला मोठा आहे, सूनबाई जीव लावणारी आहे. मामांनी पहिल्या दिवशी वॉचमनला विचारलं की पाण्याच्या टाकीचा कॉक कुठाय. त्याला माहीत नव्हतं. सेक्रेटरींना विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते जिन्यानं अकरा मजले उतरले, धापा टाकत परत चढले, आणि सोसायटीच्या ग्रुपवर निरोप फिरला की एक आजोबा जिन्यात वाट चुकले आहेत. नवव्या दिवशी मामा पिशवी घेऊन चुडाव्यात हजर. विवेक संतापला. मीही त्याच्याच बाजूनं भांडले, आणि त्या भांडणातले माझे शब्द आठवले की आजही मान खाली जाते. तुम्हाला आमची फिकीर नाही, असं मी त्यांना म्हणाले. मामांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तिथं मी सामान हाय, नंदे. ठिवलं तिथं राहायचं. इथं मी माणूस हाय." विवेकनं फोनवरून विचारलं की उद्या काही झालं तर लोक मला काय म्हणतील. "सांग त्याह्यला, बाप ऐकत न्हवता," मामा म्हणाले आणि फोन माझ्या हातात देऊन अंगणात निघून गेले. त्यानंतर त्या दोघांचं बोलणं चालू होतं, पण जेवलात का, गोळी घेतली का, याच्या पुढं कधी गेलं नाही. मामांच्या मनाला ते लागलं होतं. आपण हट्टानं नव्हे, विचारानं इथं राहतो, एवढं पोराला पटावं ही त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही.

मामा गेले त्या दिवशी विवेक पुण्याहून चुडाव्याला पोचला तेव्हा चार वाजून गेले होते. पुरुषमंडळी मामांना घेऊन गेली आणि घरात आम्ही बायका उरलो. माझी मोठी मावशी, ऐंशीच्या घरातली, भावाच्या जाण्यानं पार खचलेली, पण रीत तिला पाठ. घरातलं पाणी सांडून टाका, ती म्हणाली, सुतकाचं पाणी ठेवू नये. स्वयंपाकघराच्या मागं जमिनीत अर्धे पुरलेले दोन रांजण होते. मामा ते दर चार दिवसांनी स्वतः धुऊन, गाळून भरत. मी शिकलेली, नोकरी करणारी बाई. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. तरी मी बादली घेतली आणि रडत रडत दोन्ही रांजण तळापर्यंत उपसले, पाणी अंगणात ओतलं. गयाबाई मागच्या दारातून आल्या, वाहणारं पाणी बघून थबकल्या. "सांडायलीस?" त्यांनी विचारलं. मावशी म्हणाली म्हणून, असं मी सांगितलं. त्या आल्या पावली परत गेल्या.

तासाभरानं माणसं परतली. तीस-पस्तीस जण दारात उभे. आंघोळ केल्याशिवाय कोणाला आत येता येईना, आणि दुपारपासून वीज गेलेली, बोअर बंद, नळाला पाणी येणार परवा. घरात थेंब नाही. ज्या माणसानं पस्तीस वर्षं पाणी साठवलं, त्याच्याच दारात त्याच दिवशी पाणी नव्हतं, आणि ते मी माझ्या हातानं केलं होतं. कोणी टँकरवाल्याला फोन लावत होतं, कोणी नदीवर जाऊ म्हणत होतं. विवेक ओट्याच्या पायरीशी मडक्याच्या धगीनं लाल झालेला हात धरून उभा होता. "बघ ताई," तो म्हणाला, "हेच मी सांगत होतो. असल्या ठिकाणी एकटे राहिले ते."

तेवढ्यात समोरून गयाबाई आल्या. कमरेवर घागर, हातात कळशी. त्यांच्या मागं शेजारची सून, तिच्या मागं कोपऱ्यावरचे शिंपी आणि त्यांची बायको. मग गल्लीच्या त्या टोकापासून एकेक दार उघडत गेलं आणि प्रत्येक घरातून दोन-दोन घागरी आल्या. कोणी हाक मारली नव्हती. मामांचा नियम होता, असं मला नंतर कळलं, की घरात कितीही पाणी असो, त्यातल्या दोन घागरी आपल्या नाहीत, अडलेल्या घराच्या आहेत. त्यांना हात लावायचा नाही. आजवर ते अडलेलं घर कधी मामांचं नव्हतं. अंगणात घागरींची रांग लागली. गयाबाईंनी आपली घागर विवेकपुढं ठेवली. त्यानं विचारलं, एवढं पाणी अचानक कुठून आणलं. "अचानक न्हाई, बाबा," त्या म्हणाल्या. "भाऊनी रोजच भरून ठिवायला लावलं." विवेकनं एक तांब्या अंगावर घेतला, दुसरा अर्धाच भरला आणि हात थांबवला. मागं माणसं उभी होती, त्यांना पुरायला हवं, असं त्याला वाटलं असावं. गयाबाईंनी घागर पुढं कलंडवून त्याचा तांब्या काठोकाठ भरला. "हात आखडू नका," त्या म्हणाल्या. "लय हाय." मग मात्र विवेक तिथंच खाली बसला आणि दिवसभरात पहिल्यांदा मोठ्यानं रडला.

घर विकायचं नाही, असं त्यानं तेराव्याला सगळ्यांसमोर सांगितलं. किल्ली गल्लीतच ठेवली. घराचं पुढं होईल तसं होईल. माझ्या मनात मात्र दुसऱ्या दिवशीची सकाळ राहून गेली आहे. पहाटे केव्हातरी वीज आली होती, बोअर चालू झाला होता. मी उठले, रांजण घासले, पाणी दुहेरी फडक्यातून गाळून दोन्ही काठापर्यंत भरले. सुतकाचे नऊ दिवस अजून बाकी होते. मावशी काठी टेकत मागच्या दारात आली, रांजणांकडं पाहिलं, माझ्या ओल्या हातांकडं पाहिलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. "मावशी, तू कालच्यासारखं आज सांगू नकोस," मी म्हणाले, "मी ऐकणार नाही." माझा आवाज चढला होता, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. ती काठी टेकत आत गेली, खुंटीवरचं ओगराळं घेऊन आली, वाकून रांजणातलं पाणी पातेल्यात घेतलं आणि सगळ्यांच्या चहाला आधण ठेवलं.