बाबाले फोन लावा

देवापुढे उभं राहिल्यावर नेमकं काय मागायचं, हेच त्या दिवसांत मला कळेनासं झालं होतं. आमच्या घरात महादेवाची भक्ती जुनी आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी सोमवार धरते, आणि गावातल्या देवळात बेल वाहिल्याशिवाय त्या दिवशी तोंडात काही घेत नाही. पण मुलगा अडकला ते कोणामुळे आणि सुटला तो कोणामुळे, याचा काही उलगडा होत नव्हता. हात जोडायचे, डोळे मिटायचे आणि तसंच परत यायचं, एवढंच चाललं होतं.

आमचं गाव नांदगाव खंडेश्वर तालुक्यात. काळ्या मातीची जमीन आहे, तिच्यात झेंडू आणि शेवंती घेतो. निखिल आमचा एकुलता एक. बारावीनंतर क्लाससाठी तो अमरावतीला राजापेठेत खोली करून राहिला आणि तिथे मित्रांच्या नादानं नशेच्या गोळ्या खायला लागला. आम्हाला कळलं ते थेट पोलिसांचा फोन आल्यावर. चोरलेली मोटारसायकल विकताना तो आणि त्याचे मित्र सापडले होते. पहिलाच गुन्हा आणि वय लहान, म्हणून कोर्टानं त्याला तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं. अट अशी होती की त्यानं परिविक्षा अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली राहायचं, महिन्यातून एकदा अमरावतीला त्यांच्या ऑफिसात हजर व्हायचं आणि नशेला हात लावायचा नाही. अट मोडली तर पुन्हा कोर्टापुढे उभं राहायचं.

बंधपत्रावर त्याच्या बाबांनी सही केली आणि त्या दिवसापासून मुलाशी बोलणं सोडलं. एका घरात राहून दोघं एकमेकांना दिसत नसल्यासारखे वागत. निखिल जेवायला बसला की हे उठून अंगणात जात. परिविक्षा अधिकारी एक बाई होत्या, शांत स्वभावाच्या. दर खेपेला मी मुलाबरोबर जायची आणि त्या दर खेपेला मला तेच सांगायच्या, "ताई, निखिलच्या बाबांना एकदा घेऊन या. माझ्यापुढे हा महिन्यातून थोडा वेळ असतो, तुमच्यापुढे रोज असतो. तुम्ही दोघं बरोबर असाल तरच माझ्या बोलण्याचा उपयोग." मी घरी येऊन निरोप सांगायची. हे म्हणायचे, "कोर्टानं सोडलं त्याले, म्या नाई सोडलं. तुले जायचं तं जा."

एका महिन्यात नेमकं हजेरीच्या दिवशी मला ताप भरला. मी यांना म्हटलं, "अवो, आजच्या दिवस तुमी जा त्याच्यासंगं." हे टोपली उचलून वावरात गेले. निखिल दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "राहू दे माय, मी जातो एकटा." त्याला नांदगावला बस बदलावी लागायची. मला ते बरं वाटत नव्हतं, पण उठायचंही त्राण नव्हतं.

दुपारी परिविक्षा अधिकारी मॅडमचा फोन आला. निखिल पोचला नव्हता, फोन उचलत नव्हता. त्या म्हणाल्या, "ऑफिस बंद होईपर्यंत मी वाट बघते, ताई. त्यानंतर मला कोर्टाला कळवावं लागेल." मी तशीच अंगावर पदर घेऊन वावरात गेले. हे झेंडू तोडत होते. मी सांगितलं ते ऐकलं, पण हात थांबवला नाही. "मंग? मी का करू? गेला असन त्याच्याच संगतीत." भांडायची ताकद नव्हती आणि भांडून काही होईल असंही वाटत नव्हतं.

वावरातून घरी न जाता मी देवळात गेले. सोमवार नव्हता, हातात बेल नव्हता, अंघोळही केलेली नव्हती. गाभाऱ्याबाहेर गार फरशीवर बसले. मुलाला वाचव, असं म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द आले ते वेगळेच. मी म्हटलं, "माझ्यानं आता होत नाही. हा तुझा आहे, त्याचा बापही तुझा आहे. तुला जे करायचं ते कर." रडू आलं नाही. अंगातला ताप आणि ती गार फरशी एवढंच जाणवत होतं. किती वेळ बसले सांगता येणार नाही. उठून घरी आले तेव्हा अंगणात यांची मोटारसायकल नव्हती. फुलांनी अर्धी भरलेली टोपली ओट्यावर तशीच ठेवलेली होती.

पुढचं मला यांनी नंतर सांगितलं, तेही तुटक तुटक. मी वावरातून निघाले आणि थोड्या वेळानं यांच्या मोबाईलवर निखिलचा फोन आला. यांनी उचलला नाही. वाजून बंद झाला आणि पुन्हा वाजला. उचलला तर पलीकडे अनोळखी म्हातारा आवाज. "तुमी या पोराचे बाप का? नांदगावात खंडेश्वराच्या देवळाशी बसून हाये तो. या तुमी."

हे नांदगावला गेले. खंडेश्वर म्हणजेही महादेवच. देवळाच्या पायरीवर निखिल मूठ आवळून बसला होता आणि शेजारी धोतर नेसलेले एक म्हातारे गृहस्थ. ते म्हणाले, "स्टँडवर दोघं जण भेटले व्हते म्हणे याले. गोया देल्ल्या त्याईनं. तवापासून मुठीत धरून बसला हाये. फेकता येत नाई, खाताबी येत नाई. मी इचारलं, कोणाले फोन लावू बाप्पा? तं म्हणे, बाबाले फोन लावा."

नऊ-दहा महिने ज्या मुलाशी हे एक शब्द बोलले नव्हते, त्यानं आईचं नाव घेतलं नव्हतं.

निखिलनं मूठ उघडून गोळ्या वडिलांच्या हातात दिल्या. घामानं त्यांचा रंग तळहाताला लागला होता. यांनी त्या खिशात घातल्या, मुलाला गाडीवर बसवलं आणि घरी न आणता सरळ अमरावतीला नेलं. ऑफिस बंद व्हायच्या बेतात होतं. मॅडमच्या टेबलावर गोळ्या ठेवून हे म्हणाले, "हे याच्यापाशी सापडलं. खाल्लं नाई यानं. आता तुमी काय करायचं ते करा." त्या गोळ्यांवरून मुलगा तुरुंगात जाऊ शकतो, हे यांना ठाऊक होतं. रस्त्यात नाल्यात टाकून दिल्या असत्या तरी कोणाला कळलं नसतं.

मॅडमनी निखिलकडे बघितलं. मग यांना म्हणाल्या, "त्यानं स्वतः तुम्हाला बोलावलं आणि तुम्ही घेऊन आलात. जसं घडलं तसंच मी लिहीन. पुढच्या महिन्यात याल?" हे म्हणाले, "येतो."

दिवेलागणीला दोघं घरी आले. यांनी पायातली चप्पल काढली आणि मुलाकडे न बघताच म्हणाले, "हात धुऊन घे. जेवाले बस." त्या दिवशी हे अंगणात गेले नाहीत.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मॅडम अशा मुलांच्या आईवडिलांना एकत्र बोलवायच्या. चांदूर बाजारकडची एक बाई मुलाला खोलीत कोंडून ठेवायची. तिला त्या म्हणाल्या, पहारा देऊ नका, सोबत द्या. कुठे जातो ते विचारा, चांगलं केलं तर तोंडानं सांगा, आणि चुकला तर त्याच दिवशी मला कळवा. यांना चांगलं म्हणणंच सगळ्यांत जड गेलं. निखिल घरच्या फुलांचे हार करायला लागला होता. पुष्कळ दिवसांनी एकदा हे त्याला म्हणाले, "आज हार बरे झाले तुये." एवढंच. निखिलनं ते वाक्य मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, आणि थोड्या वेळानं पुन्हा आठवल्यासारखं सांगितलं.

दिवाळीत निखिल फुलं घेऊन बाजारात गेला आणि एकदा घसरलाच, गोळ्या खाऊन आला. डोळे बघून यांनी ओळखलं आणि मॅडमना स्वतः फोन केला. निखिल खूप चिडला, वाट्टेल ते बोलला. यांनी ऐकून घेतलं. सरकारी दवाखान्यात त्याला भरती केलं तेव्हा हे त्याच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून झोपायचे. घरी या म्हटलं तर म्हणायचे, "तो जागा झाला तं कोण दिसन त्याले?"

यंदा बंधपत्राची मुदत संपली. निखिल आता वावरातच असतो, कधी चिडचिडा, कधी शांत. पुढचं मला माहीत नाही.

त्या गृहस्थांचा पत्ता लागला नाही. त्या दिवशी मुलाला गाडीवर बसवून यांनी मागे वळून पाहिलं तर ते देवळात निघून गेले होते. फोन निखिलच्याच मोबाईलवरून केलेला, म्हणून नंबरही नाही. मी नंतर जाऊन पुजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "कितीक म्हातारे येतात बाई, कोण ते कसं सांगू?" ते कोण होते याचा मी फार विचार करत नाही. मला त्याच्याबरोबर जाता आलं नाही तेव्हा माझं लेकरू कोणाच्या तरी शेजारी बसलेलं होतं, एवढं मला पुरतं.

मी अजून सोमवार करते. आता देवाला काही मागत नाही. बेल वाहते, घरात काय काय झालं ते सांगते, चांगलं आणि वाईट दोन्ही, आणि तिथेच ठेवून येते. मागच्या सोमवारी निघाले तर हे हातपाय धुऊन दारात उभे होते. म्हणाले, "थांब, मी येतो." मागोमाग निखिलनंही चप्पल घातली. देवळात ते दोघं पुढे बसले, म्हणून त्या दिवशी मी मागे बसले.